लातूरची मुलगी, कोल्हापूरचा मुलगा आणि पुण्यातली नोटीस

एक मुलगी मूळची लातूरची आहे, मुलगा कोल्हापूरचा आहे आणि दोघेही तीन वर्षांपासून पुण्यात नोकरी करतात. दोघांची जात वेगळी आहे, कदाचित धर्मही वेगळा आहे, आणि त्यांना नोंदणी पद्धतीने लग्न करायचे आहे. त्यांचा पहिला प्रश्न अगदी साधा असतो: लग्नाची नोटीस द्यायची कुठे? आधारकार्डावर गावाचा पत्ता आहे, मतदार यादीत नाव गावाकडे आहे, आणि पुण्यात त्यांच्याकडे फक्त भाड्याचे घर आहे. त्यामागोमाग येणारा दुसरा प्रश्न बहुतेक जण हळू आवाजात विचारतात: पुण्यात नोटीस दिली तर ती गावाकडे जाते का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे विशेष विवाह कायदा, १९५४ या कायद्याच्या पाच-सहा कलमांत दिलेली आहेत. ती अवघड नाहीत, पण ऐकीव माहितीच्या ढिगाखाली ती दडून गेली आहेत, आणि या ऐकीव माहितीपायी अनेक जोडपी एक तर नको तेवढी घाबरतात किंवा नको तेवढी निर्धास्त राहतात. म्हणून सुरुवातीपासून एकेक गोष्ट समजून घेऊ.

'नोंदणी विवाह' आणि 'विवाहाची नोंदणी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आपल्याकडे 'रजिस्टर लग्न', 'कोर्ट मॅरेज' आणि 'मॅरेज रजिस्ट्रेशन' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. वैदिक विधींनी, निकाह पढून किंवा चर्चमध्ये लग्न झाल्यानंतर महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत जाऊन दाखला घेतला जातो, ती झाली विवाहाची नोंदणी. लग्न आधीच लागलेले असते आणि सरकार फक्त त्याची नोंद घेते. महाराष्ट्रात हे काम १९९८ च्या विवाह मंडळे विनियमन आणि विवाह नोंदणी कायद्याखाली चालते. त्यासाठी लग्नाआधी नोटीस द्यावी लागत नाही.

विशेष विवाह कायद्याखालचा नोंदणी विवाह मात्र वेगळा आहे. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर वधूवरांनी एकमेकांचा स्वीकार करणे हेच लग्न असते. भटजी, काझी किंवा पाद्री यांची गरज नसते, धर्म बदलावा लागत नाही आणि जातीचा प्रश्नच येत नाही. विवाह अधिकारी म्हणजे राज्य सरकारने या कामासाठी नेमलेला अधिकारी. आपल्याकडे हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे, म्हणजे घरांचे आणि जमिनींचे दस्त जिथे नोंदवले जातात त्याच विभागाकडे. 'कोर्ट मॅरेज' हा शब्द रूढ असला तरी यात न्यायालय नसते आणि न्यायाधीशही नसतात.

नोटिशीचा प्रश्न येतो तो या दुसऱ्या प्रकारात. लग्न आधी लागलेले असते तेव्हा समाजाने ते पाहिलेले असते असे कायदा गृहीत धरतो. विवाह अधिकाऱ्यासमोरच्या लग्नात ती खातरजमा नोटिशीने व्हावी, अशी कायद्याची कल्पना आहे.

नोटीस म्हणजे नेमके काय

जमीन विकत घेण्याआधी वकील वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतात आणि कोणाची हरकत असल्यास ठरावीक दिवसांत कळवावी असे त्यात लिहितात. सातबाऱ्यावर फेरफार मंजूर होण्याआधीही हितसंबंधितांना हरकत घेण्याची मुदत दिली जाते. लग्नाची नोटीस त्याच धाटणीची आहे. 'आम्ही दोघे लग्न करू इच्छितो' हे वधूवरांनी विवाह अधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते. त्यानंतर अधिकारी ती नोटीस विवाह सूचना पुस्तकात नोंदवतो आणि तिची प्रत आपल्या कार्यालयात ठळक जागी लावतो. हे पुस्तक कोणालाही, कोणतेही शुल्क न देता, कार्यालयीन वेळेत पाहता येते.

नोटिशीचा नमुना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिला आहे. त्यात नाव, वैवाहिक स्थिती म्हणजे अविवाहित, विधवा, विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय आणि राहण्याचे ठिकाण विचारलेले असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते त्यानंतरचे दोन रकाने. सध्याचे राहण्याचे ठिकाण कायमचे नसेल तर कायमचे ठिकाण कोणते, हे एकात विचारलेले असते आणि सध्याच्या ठिकाणी किती काळ राहत आहात हे दुसऱ्यात. पुण्याची नोटीस लातूरला का जाते, याचे मूळ या दोन रकान्यांत आहे.

नोटीस जन्मगावी नव्हे, राहत्या जिल्ह्यात द्यायची असते

कलम ५ सांगते की वधूवरांपैकी निदान एक जण नोटीस देण्याच्या लगतपूर्वी किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिलेला असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही नीट वाचायला हव्यात.

पहिली गोष्ट अशी की इथे निकष राहण्याचा आहे. जन्म कुठे झाला, घराणे कुठले आहे, शेती कुठे आहे, हे कायदा विचारत नाही. मतदानाचे तत्त्वही असेच आहे: आपण जिथे सामान्यपणे राहतो तिथल्या यादीत नाव घालायचे असते, जिथे आजोबांचे घर आहे तिथे नव्हे. त्यामुळे 'लग्न करायचे तर मुलीच्या जिल्ह्यातच नोटीस द्यावी लागते' ही समजूत चुकीची आहे, आणि 'मुलाच्या जिल्ह्यातच' ही समजूतही तितकीच चुकीची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दोघांपैकी एकाने अट पूर्ण केली तरी पुरते. मुलगी पुण्यात राहते आणि मुलगा नागपुरात नोकरी करतो, असे असेल तर पुणे किंवा नागपूर यांपैकी कोणतेही ठिकाण निवडता येते.

तिसरी गोष्ट 'लगतपूर्वी' या शब्दात आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पाच वर्षांपूर्वी वर्षभर नाशिकला राहिल्याचा आज उपयोग नाही. नोटीस देण्याच्या दिवसाला येऊन भिडणारे ३० दिवस हवेत. दहा दिवसांपूर्वीच पुण्यात आलेल्या जोडप्याला आणखी वीस दिवस थांबावे लागेल, किंवा दोघांपैकी एक जण अजून जुन्या जिल्ह्यातच राहत असेल तर तिथे नोटीस देता येईल. राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरारासारखी कागदपत्रे कामी येतात, म्हणून भाड्याने राहणाऱ्यांनी करार तोंडी ठेवू नये.

आणखी एक बारकावा सांगतो. या कायद्यात 'जिल्हा' म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा महसुली जिल्हाच असे नाही. कायद्याच्या व्याख्येनुसार ज्या क्षेत्रासाठी विवाह अधिकारी नेमला आहे ते क्षेत्र म्हणजे त्या अधिकाऱ्याचा जिल्हा. मोठ्या शहरांत एकाहून अधिक कार्यालये असू शकतात, म्हणून आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो हे आधी विचारून घ्यावे. महाराष्ट्रात नोटीस ऑनलाइन भरण्याची सोयही आहे, पण फॉर्म मोबाइलवर भरला म्हणून ३० दिवसांच्या वास्तव्याची अट बदलत नाही.

गावाकडे प्रत जाते, म्हणजे नेमकी कुठे जाते

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे वळू. कलम ६ च्या तिसऱ्या उपकलमानुसार वधूवरांपैकी कोणी त्या जिल्ह्यात कायमचे राहत नसेल, तर नोटिशीची एक प्रत त्या व्यक्तीच्या कायमच्या वास्तव्याच्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याकडे पाठवायची असते आणि त्या अधिकाऱ्याने ती आपल्या कार्यालयात ठळक जागी लावायची असते. आपल्या उदाहरणात दोघांचेही कायमचे ठिकाण पुण्याबाहेर आहे. म्हणजे एक प्रत पुण्यात लागते, एक लातूरला जाते आणि एक कोल्हापूरला. तीन कार्यालयांत तीन फलकांवर ही नोटीस झळकते.

पण कायद्यात लिहिलेले तेवढेच आहे. प्रत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते. ती आई-वडिलांच्या घरी टपालाने पाठवा, पोलिसांकरवी घरी चौकशी करा किंवा गावच्या सरपंचाला कळवा, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. दिल्लीत अशा नोटिसा घरच्या पत्त्यावर पाठवण्याची पद्धत पडली होती. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले की कायद्यात नसलेली ही भर आहे, आणि दोन सज्ञान व्यक्तींचा बेत असा उघड केल्याने लग्न मोडू शकते, इतकेच नव्हे तर जीविताला धोकाही होऊ शकतो. राजस्थान उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये याच दिशेने निर्णय दिला.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. फलकावर नोटीस लागणे आणि दारात नोटीस येणे यांत काय अंतर आहे, हे घरच्या धाकात वाढलेल्या कोणत्याही मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. कार्यालयात कोणी 'घरी पत्र जाईल' असे म्हटले, तर कोणत्या कलमाखाली, असे नम्रपणे आणि लेखी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तरीही निर्धास्त राहू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालयात रोज शेकडो लोक दस्तांसाठी येतात. त्यांतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाची नजर फलकावर पडणे अशक्य नाही, आणि पुस्तक तर कोणीही उघडून पाहू शकतो. घरच्यांकडून खरोखर धोका असेल, तर नोटीस देण्याआधीच राहण्याची सोय, विश्वासू माणसे आणि पोलिसांकडे द्यायचा अर्ज यांची तयारी करावी. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि गरजेनुसार सुरक्षित निवारा यांची व्यवस्था करण्याचे निर्देश राज्यांना दिलेले आहेत. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

'कायमचे ठिकाण' म्हणजे मूळ गाव नव्हे

इथे अनेक जण स्वतःहून चूक करतात. कायमच्या ठिकाणाच्या रकान्यात सवयीने मूळ गाव लिहिले जाते, कारण आपल्याकडे 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्नच ओळखीची पहिली पायरी असतो. पण कायद्याचा प्रश्न तो नाही. कुटुंब वीस वर्षांपूर्वी लातूर सोडून नाशिकला स्थायिक झाले असेल, शाळा-कॉलेज नाशिकला झाले असेल आणि घरही तिथेच असेल, तर कायमचे ठिकाण नाशिक आहे. लातूरला फक्त चुलत्यांचा वाडा आहे म्हणून तिकडे प्रत जाण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे स्वतःच्या नावावर पुण्यात घर घेऊन तिथेच कायम राहण्याचे ठरवलेल्या व्यक्तीचे कायमचे ठिकाण पुणे असू शकते.

कायद्यात 'कायमचे वास्तव्य' या शब्दांची व्याख्या दिलेली नाही, त्यामुळे वस्तुस्थिती काय आहे आणि कागदपत्रे काय सांगतात यावर उत्तर ठरते. बदललेला पत्ता आधारमध्ये आणि मतदार यादीत वेळेवर नोंदवला असेल, तर पुढचा वाद टळतो. मात्र प्रत चुकवण्यासाठी खोटा पत्ता लिहू नये. लग्नाच्या दिवशी दोघांना प्रतिज्ञापनावर सही करावी लागते आणि या कायद्याखालील प्रतिज्ञापनात जाणूनबुजून खोटे विधान करणे हा गुन्हा आहे. घरच्यांना लग्न मोडायचेच असेल, तर खोट्या पत्त्यासारखे आयते हत्यार त्यांच्या हाती का द्यावे?

दोन घड्याळे, दोन वेगळ्या क्षणी सुरू होतात

नोटीस दिल्यावर एकाच वेळी दोन मुदती चालू असतात, आणि त्या वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात, हे लक्षात न आल्याने तारखा चुकतात.

पहिली मुदत हरकतीची. पहिल्या कार्यालयात नोटीस फलकावर लागली त्या तारखेपासून ३० दिवस ती चालते आणि ती संपेपर्यंत लग्न लागू शकत नाही. लातूरच्या किंवा कोल्हापूरच्या फलकावर प्रत कधी लागली याचा या मोजणीशी संबंध नाही. प्रत तिकडे आठ दिवस उशिरा पोहोचली म्हणून पुण्यातले ३० दिवस पुढे सरकत नाहीत.

दुसरी मुदत नोटीस शिळी होण्याची. नोटीस अधिकाऱ्याला दिली त्या तारखेपासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न झाले नाही, तर नोटीस रद्द समजली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

समजा नोटीस ३ जूनला दिली आणि ती ५ जूनला फलकावर लागली. हरकतीचे ३० दिवस ५ जुलैला संपतात, म्हणजे लग्न ६ जुलैपासून शक्य होते. नोटिशीचे आयुष्य मात्र ३ जूनपासून मोजायचे असल्याने ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, ३ तारखेच्या सुमारास संपते. मध्ये जेमतेम दोन महिन्यांची फट उरते आणि त्यातच सुट्ट्या, साक्षीदारांची सोय आणि कार्यालयात मिळणारी तारीख बसवायची असते. म्हणून शेवटच्या आठवड्यातली तारीख मागू नये, आणि नोटीस दिल्यावर ती फलकावर त्याच दिवशी लागली की नाही हे विचारून तारीख टिपून ठेवावी.

हरकत कोण घेऊ शकतो आणि कशावर

हरकत कोणीही घेऊ शकतो. त्यासाठी नातेवाईक असणे गरजेचे नाही. 'कोणीही' हा शब्द ऐकून धास्तावलेल्यांनी पुढचे वाक्यही वाचावे: हरकत फक्त कलम ४ मधल्या अटींवरच घेता येते. अटी मोजक्या आहेत. दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, म्हणजे आधीचे लग्न चालू नसावे. दोघेही संमती देण्याच्या मानसिक स्थितीत असावेत. मुलाचे २१ आणि मुलीचे १८ वर्षे वय पूर्ण असावे. आणि दोघांचे नाते निषिद्ध नात्यांच्या यादीत बसणारे नसावे.

'आम्हाला पसंत नाही', 'जात वेगळी आहे', 'धर्म वेगळा आहे', 'मुलीने आम्हाला विचारले नाही', 'गोत्र जुळत नाही' ही कारणे कायद्याच्या दृष्टीने हरकतीच नाहीत. आई-वडिलांची संमती हा शब्दच या अटींमध्ये नाही.

शेवटच्या अटीत महाराष्ट्रापुरता एक खाचखळगा आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पुरुषासाठी ३७ आणि स्त्रीसाठी ३७ निषिद्ध नाती दिली आहेत आणि त्यांत चुलत, मावस, आते आणि मामे भावंडे येतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, पण विशेष विवाह कायद्याखाली ती आपोआप चालत नाही. दोघांपैकी एकाला लागू असलेल्या रूढीने परवानगी असल्यास सूट आहे खरी, पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. त्यामुळे अशा जोडप्याने नोटीस देण्याआधीच कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

हरकत आली तर अधिकारी ती लिहून घेतो, हरकतदाराला वाचून दाखवतो आणि त्याची सही घेतो. त्यानंतर हरकतीच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत चौकशी करून निर्णय देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हरकत अवाजवी आणि प्रामाणिक हेतूने न घेतलेली असेल, तर अधिकारी हरकतदाराकडून भरपाई वसूल करून जोडप्याला देऊ शकतो, मात्र तिची मर्यादा अवघी १,००० रुपये आहे. १९५४ मध्ये ही रक्कम वचक बसवणारी होती. आज ज्याला लग्न लांबवायचेच आहे त्याला ती परवडते, आणि माझ्या मते ही मर्यादा फार पूर्वीच वाढवायला हवी होती.

वरच्या उदाहरणात ४ जुलैला हरकत आली आणि चौकशी ३ ऑगस्टपर्यंत चालली, तर निकाल जोडप्याच्या बाजूने लागूनही हातात एकच महिना उरतो, कारण हरकतीमुळे तीन महिन्यांचे घड्याळ थांबत नाही. अधिकाऱ्याने हरकत मान्य करून लग्न लावण्यास नकार दिला, तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. तसे अपील केल्यास मात्र तीन महिने न्यायालयाच्या निर्णयापासून मोजले जातात, आणि न्यायालयाचा निर्णय अंतिम असतो.

सज्ञान माणसांना ही वाट पाहायला का लावायची?

हा आक्षेप रास्त आहे. विधिवत हिंदू लग्न किंवा निकाह करणाऱ्याला सरकारी फलकावर नाव लावावे लागत नाही. धर्माच्या चौकटीबाहेर, केवळ कायद्याच्या साक्षीने लग्न करणाऱ्याला मात्र ते लावावे लागते. ज्यांना गुप्ततेची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच नोटिशीला सर्वांत जास्त प्रसिद्धी मिळते.

या तरतुदीचे मूळ ब्रिटिश काळात आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात १४ दिवसांचे वास्तव्य आणि १४ दिवसांची नोटीस होती. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५४ चा नवा कायदा करून, १ जानेवारी १९५५ पासून लागू करताना, धर्म नाकारण्याची जुनी अट काढली, पण १४ चे ३० दिवस केले. फसवून दुसरे लग्न लावले जाऊ नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. मुलगा गावाकडे आधीच विवाहित असेल, तर ते पुण्यात कोणाला कळणार? लातूर-कोल्हापूरला प्रत पाठवण्यामागचा विचार हाच होता आणि त्या काळी दुसरे साधनही फारसे नव्हते.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी निर्णय दिला की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे. हा निर्णय उत्तर प्रदेशात लागू होतो. महाराष्ट्रातल्या कार्यालयावर तो बंधनकारक नाही, म्हणून त्याच्या भरवशावर इथे बेत आखू नये. संसदेने कलमे ५ ते ७ बदललेली नाहीत. ती बदलावीत, निदान फलक आणि खुले पुस्तक तरी जावे, असे मला मनापासून वाटते. पण आज ज्या जोडप्याला लग्न करायचे आहे, त्याला आजचा कायदा हाताळता आला पाहिजे.

'एका दिवसात लावून देतो' असे कोणी म्हणाले तर

नोटीस टाळून त्याच दिवशी 'कोर्ट मॅरेज' करून देण्याच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. विशेष विवाह कायद्याखाली असे लग्न होऊच शकत नाही. अशा ठिकाणी प्रत्यक्षात बहुधा हिंदू किंवा आर्य समाजी पद्धतीने विधी करून मग त्याची नोंदणी केली जाते. दोघेही हिंदू कायद्याखाली येत असतील, अटी पाळल्या असतील आणि विधी खरोखर झाले असतील, तर ते लग्न वैधच असते. पण विधी न करता फक्त कागद तयार केला असेल, तर तो कागद म्हणजे लग्न नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले की हिंदू विवाह कायद्याखाली विधींशिवाय केवळ प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही. दोघांचे धर्म वेगळे असतील तर या वाटेने जाण्यासाठी एकाला धर्म बदलावा लागतो, आणि तो न बदलता लग्न करता यावे म्हणून तर विशेष विवाह कायदा आहे.

आधी विधीपूर्वक लग्न करून नंतर तेच लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदवण्याची वाटही कलम १५ मध्ये आहे, पण तिथेही जाहीर नोटीस आणि ३० दिवस आहेतच, शिवाय नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण असावे लागते.

नोटीस पुण्यात, सोहळा गावाकडे

उरला शेवटचा प्रश्न. लग्न स्वतःच्या जिल्ह्याबाहेर, समजा रत्नागिरीच्या समुद्रकिनारी करायचे असेल तर? इंग्लंड आणि वेल्समध्ये नोटीस आपण राहतो त्या भागात द्यायची आणि लग्न दुसऱ्या भागातल्या मान्यताप्राप्त ठिकाणी करायचे, हे नेहमीचे आहे. नोटीसही तिथे वर्षभर चालते. आपल्याकडे नोटीस आणि लग्न यांची गाठ एकाच विवाह अधिकाऱ्याशी बांधलेली आहे. कलम १२ नुसार लग्न त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा तिथून वाजवी अंतरावरच्या, जोडप्याने सांगितलेल्या ठिकाणी जादा शुल्क भरून लावता येते. पुण्याच्या अधिकाऱ्यासाठी पुण्यातले सभागृह वाजवी अंतरावर आहे, रत्नागिरी नाही. घरी नोंदणी विवाह लावण्याची चाल जुन्या कायद्याखालीही होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा १५ एप्रिल १९४८ चा विवाह नोंदणी पद्धतीने त्यांच्या दिल्लीतील निवासस्थानीच झाला.

म्हणून व्यवहारात सोपा मार्ग असा की कायद्याचे लग्न पुण्यात करावे आणि समारंभ हवा तिथे, हवा तेव्हा करावा. गावाकडे पुन्हा मंगलाष्टके म्हटली तरी कायद्याला त्याचे वावडे नाही. फक्त त्या दिवशी तीन साक्षीदार कार्यालयात हजर हवेत, आणि त्यांच्या व विवाह अधिकाऱ्याच्या समोर दोघांनीही 'मी तुझा कायदेशीर पत्नी म्हणून', 'मी तुमचा कायदेशीर पती म्हणून' अशा शब्दांत एकमेकांचा स्वीकार बोलून दाखवायला हवा. हे वाक्य दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येते, मराठीत तर म्हणता येतेच. त्यानंतर प्रमाणपत्रावर दोघांच्या आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात. पासपोर्टसाठी, बँकेसाठी किंवा वारसाहक्कासाठी जिथे लग्नाची तारीख विचारली जाईल, तिथे समारंभाची नव्हे, तर या प्रमाणपत्रावरची तारीख लिहायची.